मुलुंडच्या डोंगरावरची राखण

आमच्या सिंधुदुर्गात प्रत्येक जागेला मालक असतो, आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव असतं तो हा मालक नव्हे. शेताला, वाडीला, वहाळाला, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, एकट्या वडाला, प्रत्येकाला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो. त्याच्या हद्दीत आपण राहतो, पिकवतो, खातो, म्हणून वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. नारळ, कोंबडा, विड्या, थोडी दारू. आणि देण्याआधी गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हटलं की घाटावरच्या माणसाला तक्रार आठवते. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्या आवाजात आपलं म्हणणं मांडणं. घरातला कर्ता माणूस एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे नुसतं सुरात सूर मिळवणं नाही. व्हय म्हणणारा साक्षीदार होतो. एकट्यानं गाऱ्हाणं कुणी घालत नाही, कारण व्हय म्हणायला माणूस नसेल तर ते बोलणं हवेतच राहतं.

माझ्या बाबांच्या गाऱ्हाण्यात भाताची, गुरांची, पावसापाण्याची सगळी बोलणी झाली की शेवटी एक ओळ यायची. "माझो भाव मुंबैत आसा. तेका सांभाळ आणि घराक हाड." भावाला घरी आण, असं सांगणाऱ्या त्या ओळीला मी बोलता येऊ लागल्यापासून व्हय म्हाराजा म्हणत आलो होतो.

हा भाऊ म्हणजे माझा काका. मिसरूड फुटायच्या आधी तो मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. साचाखात्यात, म्हणजे मागावर. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, केसांत तेल आणि पिशवीत बिस्किटांचे पुडे घेऊन. बाबा त्याच्याहून मोठे. दोघं एकत्र असले की बोलायचे कमीच, पण काका परत गेला की बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. घराचा पश्चिमेकडचा भाग काकाच्या वाट्याचा. त्यातली खोली आम्ही कधी वापरली नाही. नारळ ठेवायला जागा नसायची, पडवीत नारळांच्या राशीला ठेचकाळत आम्ही वावरायचो, पण ती खोली मोकळी.

मग गिरण्यांचा संप झाला आणि काकाची गिरणी उघडलीच नाही. गावात अशी माणसं एकेक करून परत येऊ लागली. बाबांना वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडा आनंद होता आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटायची, हे मला चांगलं दिसत होतं. त्यांनी काकाच्या खोलीला चुना काढून घेतला. कौलं परतली. पण काका आला नाही. गणपतीलाही यायचा थांबला. तीनेक वर्षांनी निरोप आला तो असा, की लालबागची खोली केव्हाच सोडून काका मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेला आहे आणि काकी तिथं डब्यांची खानावळ चालवते.

"जंगलात रवाक जाता, पण घराक येणा नाय," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो. भात घरात आलं होतं, अंगावर काम नव्हतं. बाबा म्हणाले, मुंबैक जा, काकाक बघून ये. तोंडानं 'बघून ये' म्हणाले. पण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की त्याचा अर्थ 'घेऊन ये' असा आहे. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. जंगलाच्या कडेला डबे पोचवत राहण्यापेक्षा माणसानं आपल्या घरी यावं, यात विचार करण्यासारखं काय आहे, अशा तोऱ्यात मी एसटीत बसलो.

सकाळी ठाण्याला उतरलो तर काका घ्यायला आला होता. मी त्याला आधी ओळखलंच नाही. गिरणीत असताना तो वाळक्या काठीसारखा होता, सतत खोकायचा. आता त्याच्या अंगावर मांस चढलं होतं आणि खोकला कुठं दिसला नाही. मला जवळ घेतलं तेव्हा त्याच्या हातांना खोबऱ्याचा आणि मासळीचा वास येत होता. माझ्या मनात आलं, गावच्या घराचा वास. आणि मग वाटलं, हे काही बरं लक्षण नाही.

मुलुंडच्या पश्चिमेला, शेवटच्या गल्लीत काकाची खोली होती. त्यापुढे एक नाला, नाल्यापुढे चढ, आणि चढापासून जे जंगल सुरू व्हायचं ते थेट बोरिवलीपर्यंत. मोठ्या रस्त्याकडून औषधांच्या कारखान्याचा उग्र वास यायचा आणि डोंगराकडून वाळल्या गवताचा. वारा कुठला आहे त्यावर खोलीला कधी हा वास, कधी तो. खोलीत दोन मोठे स्टोव्ह, एक पाटा, आणि भिंतीला लागून डब्यांची उतरंड. काकी पहाटेपासून पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटायला बसायची आणि काका मासे साफ करायचा. आयुष्यभर साचा चालवलेला माणूस विळीवर बसून बांगड्याची खवलं काढताना बघून मला कसंसंच झालं. काकाला मात्र काही वाटत नव्हतं. उलट, कुठल्या कारखान्यातल्या कुणाला तिखट जास्त लागतं आणि कोण सोमवारी मासे खात नाही, हे तो मला कौतुकानं सांगत होता.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलतबहीण, बारावीला होती. मुलगा धाकटा, शाळेत जाणारा. बहीण मला दादा म्हणायची आणि अरेतुरे करायची, आणि काकाला पप्पा म्हणायची. या पप्पा प्रकाराला मी मनातल्या मनात नाक मुरडलं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, किती दिवस आहेस? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू काय, तुला मुंबई दाखवायची ना मला, प्लॅन करायला नको?

आणि खरंच तिनं मला मुंबई दाखवली. लोक पाहुण्याला म्युझियम आणि गेटवे दाखवतात. ही बया मला घाटकोपरच्या बाजारात घेऊन गेली, कारण तिच्या मते मुंबईतली सगळ्यात झकास गर्दी तिथं होती. अंधेरीला नेलं, जुहूच्या वाळूत भेळ चारली. भेळेचा द्रोण हातात धरून ती समुद्राकडे अशा अभिमानानं बघत होती की जणू तो तिनंच आणून ठेवला होता. मी म्हटलं, आमच्या गावात यापेक्षा स्वच्छ समुद्र आहे. ती म्हणाली, असेल रे, पण त्याला बघायला येतं कोण? मला राग आला. मी तिच्या द्रोणातली शेवटची पुरी उचलून खाल्ली.

पण माझा तोरा खरा उतरला तो खारदांड्याला. खानावळीसाठी सुकी मासळी आणायला काका महिन्यातून एकदा तिथं जायचा. दोन बस बदलून आम्ही गेलो. कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि मुंबईला आल्यापासून पहिल्यांदा मी छाती भरून श्वास घेतला. एक म्हातारी कोळीण काकाला बघताच ओरडली, आला गं मालवनी! मग दोघांत जवळ्याच्या भावावरून असं काही जुंपलं की आता हातघाईवर येणार असं मला वाटलं. शेवटी तिनं जास्तीचा दोन मुठी जवळा पिशवीत टाकला आणि काकीची तब्येत विचारली. परत येताना मी बसमध्ये विचार करत राहिलो. गावात काकाला सगळे मुंबईवाला म्हणायचे. इथं तो मालवणी होता. माणसाला त्याचं गाव बाहेर गेल्यावरच चिकटतं की काय, कोण जाणे. पण काका त्या 'मालवनी' हाकेला जसा हसला होता, तसा 'मुंबईवाला' म्हटल्यावर हसलेला मला आठवत नव्हता.

इतके दिवस झाले तरी मी मुद्द्याचं बोललो नव्हतो. रोज ठरवायचो, आज विचारायचं. आणि रोज काहीतरी निघायचं.

एके दिवशी बहिणीबरोबर अंधेरीहून परतत होतो. बस पवईच्या तळ्याकाठानं चालली होती. एका बाजूला पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, दुसऱ्या बाजूला ती इंजिनियर घडवणारी मोठी संस्था. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पडलं होतं.  इतका वेळ टकळी चालवणारी बहीण खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "दादा, तू कशाला आलायस ते मला माहितीय."

मी हातातलं तिकीट बोटाभोवती गुंडाळत राहिलो.

"पप्पांना विचारू नकोस ना. मोठ्या बाबांचा शब्द आला तर ते नाही म्हणूच शकणार नाहीत. लगेच सामान बांधतील." मग तिनं सांगितलं की तिला बारावीनंतर नर्सिंगला जायचं आहे. तुमच्या गावात हॉस्पिटल कुठाय, तिनं विचारलं. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, घाबरलेला होता. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. काका आयुष्यात कधी बाबांच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. लग्नसुद्धा बाबांनी ठरवलेल्या मुलीशी, तिला न बघता केलं होतं, आणि बाबांनी बोलावलं नाही म्हणूनच तो आजवर मुंबईत राहू शकला होता. आता मी एक वाक्य उच्चारलं की चार माणसं उठून कोकणात आली असती. आणि नाही उच्चारलं तर बाबा ती चुना काढलेली खोली बघत म्हातारे झाले असते. हे ओझं माझ्यावर टाकून बाबा तिकडे निवांत बसले, असं मला त्या बसमध्ये वाटलं आणि मी त्यांच्यावर मनातून चिडलो. पण मग त्यांचा तो चेहरा आठवला, 'बघून ये' म्हणतानाचा, आणि चिडणंही टिकेना.

शनिवारी काका म्हणाला, उद्या कारखान्यांना सुट्टी, डबे नाहीत, आपण डोंगरावर जाऊया. मला वाटलं, हाही आता मला जंगल दाखवणार. रविवारी सकाळी निघालो तेव्हा त्याच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाय बांधलेला लाल कोंबडा. मी त्या कोंबड्याकडे बघितलं, काकाकडे बघितलं. तो म्हणाला, "राखण द्यायची आसा."

नाला ओलांडला आणि शहर मागे पडलं. इतक्या पटकन शहर संपतं यावर माझा विश्वास बसेना. पाचदहा मिनिटं चढलो तोवर गाड्यांच्या हॉर्नऐवजी कोतवाल पक्ष्याची शीळ ऐकू येऊ लागली. वाट कारवीतून जात होती. कारवीची वाळकी पानं पायाखाली चुरत होती. सागाची पानं गळत होती आणि मधूनच एखादा पळस फुलायच्या बेतात होता. मला आमच्या सड्याची आठवण येत होती, पण हे आमच्या सड्यासारखं नव्हतं. इथलं रान जास्त दाट होतं. एका ठिकाणी मऊ मातीत पंजाचा ठसा दिसला. काका सहज म्हणाला, वाघाचा आसा. इथं बिबट्याला सगळे वाघच म्हणायचे. गल्लीतली कुत्री तो अधूनमधून उचलतो. माणसाच्या वाटेला जात नाही, फक्त आपण त्याच्या वाटेत जायचं नाही. मुंबईत राहून माणूस इतक्या शांतपणे वाघाबद्दल बोलतो, याची मला गंमत वाटली.

चढता चढता काकानं मला एक गोष्ट सांगितली आणि सांगताना तो स्वतःच हसत होता.

मुलुंडला आला त्या वर्षी त्याला वाटलं, जागा नवी, राखण तर द्यायला हवी. पण इथला राखणदार कोण, हे कुणाला विचारणार? शेजारी एक गुजराती, एक पंजाबी, एक तमिळ. तेव्हा त्यानं डोंगरावर एक मोठं झाड बघितलं, दक्षिणेकडे म्हणजे गावाकडे तोंड केलं, आणि आपल्या गावच्या रवळनाथाच्या नावानं राखण दिली. गाऱ्हाण्याला व्हय म्हणायला धाकटा मुलगा होता, त्याला धड कळतही नव्हतं. दुसऱ्या वर्षीही तसंच. त्या वर्षी वरच्या आदिवासी पाड्यातला एक म्हातारा तिथून चालला होता. तो थांबला आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागला. काकानं सांगितलं तेव्हा म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. म्हणाला, तुझा देव तुझ्या गावाला, तो इथं काय करणार? इथला तर हा वर बसलाय.

"दोन वर्सा मी भायरच्याच्या नावान हय जेवण घातलंय," काका म्हणाला. "आणि हयचो उपाशी."

मलाही हसू आलं. मालवणी माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. नवीन खोलीत गेल्यावर इतर लोक दुधवाला शोधतात. मी विचारलं, मग गेल्या वर्षी वरच्याला दिली का? काका हसायचा थांबला. नाही म्हणाला. गेल्या वर्षी कुणालाच दिली नाही.

का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. राखण का चुकली असेल, यावर विचार करत मी त्याच्या मागून चढत राहिलो.

माथ्याजवळ एक मोकळी जागा होती. तिथून दोन्हीकडचं दिसायचं. पूर्वेला मुलुंडच्या कारखान्यांच्या चिमण्या, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडी, आणि दक्षिणेला हवा स्वच्छ असली तर पार ट्रॉम्बेची टेकडी. पश्चिमेला जंगल आणि जंगलाच्या मध्ये विहार तलावाचं पाणी. मी आतापर्यंत हिंडलो ती सगळी मुंबई या जंगलाच्या भोवती पसरली होती. खालून बघताना जंगल शहराच्या कडेला आहे असं वाटायचं. इथून बघितल्यावर शहर जंगलाच्या कडेला होतं.

तिथंच एका झाडाखाली वाघदेव होता. शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र. पाड्यातला तो म्हातारा आधीच येऊन बसला होता. काकानं त्याला सांगून ठेवलं असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि काकाला विचारलं, हा का? काका म्हणाला, हा. माझ्या भावाचा मुलगा.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

म्हाताऱ्यानं दगडाला नवा शेंदूर लावला. काकानं नारळ ठेवला, विड्या ठेवल्या, पानावर दारू ओतली. चपला काढून तो दगडासमोर उभा राहिला. मी त्याच्या मागे. बाबांचा आवाज जसा गाऱ्हाणं घालताना बदलतो, तसाच काकाचाही बदलला, आणि डोळे मिटले असते तर मला बाबाच उभे आहेत असं वाटलं असतं.

"बा देवा म्हाराजा, तू हयचो राखणदार."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"आमी परमुलखातली माणसा. पोटासाठी तुझ्या हद्दीत इलंव."

"व्हय म्हाराजा."

"तुका न विचारता रवलंव. चुकला-माकला पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

मग काका थांबला. गाऱ्हाणं घालणारा असा मध्येच थांबत नाही. मला त्याची मान दिसत होती, मानेवर घाम होता, आणि इतका चढ चढूनही जो हलला नव्हता तो त्याचा श्वास आता जोरात चालला होता.

"आजपासून आमी तुझे, म्हाराजा. हयच रवतलंव. माझ्या चेडवाक, झिलाक तुझ्या पदरात घालतंय."

मुलीला आणि मुलाला असं देवाच्या पदरात घालून तो वाट बघत उभा राहिला.

त्या क्षणी मला सगळं कळलं. गेल्या वर्षी त्यानं राखण का दिली नाही, ते कळलं. आपण ज्याच्या हद्दीत कायमचं राहणार त्यालाच राखण देतात. इथल्या देवाला राखण देणं म्हणजे गाव सोडल्याचं सांगणं, आणि ते सांगायला घरचा साक्षीदार हवा. अजाण मुलगा चालत नाही. काका वर्षभर त्याच माणसाची वाट बघत होता. मी त्याला न्यायला आलो होतो हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांना तो नाही म्हणू शकत नव्हता. म्हणून त्यानं मला विचारूच दिलं नाही. देवासमोर उभं राहून, त्याच बाबांच्या मुलाच्या तोंडून, तो होकार मागत होता.

 चुना काढलेली खोली डोळ्यासमोर आली, आणि पवईच्या पाण्याकडे बघत घाबरलेल्या आवाजात बोलणारी बहीण आली. मी व्हय म्हटलं नसतं तर काका काही बोलला नसता. त्यानं मुकाट्यानं पिशवी उचलली असती आणि माझ्याबरोबर गावी आला असता, हे मला पक्कं माहीत होतं. तो मागे वळला नाही. वळला असता, माझ्याकडे बघितलं असतं, तर ते मला भरीस घालणं झालं असतं. तो नुसता पाठमोरा उभा होता. मला त्याच्याबद्दल इतकी माया आधी कधी वाटली नव्हती आणि बाबांबद्दलही.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

काकाचे खांदे खाली आले. बाकीचं गाऱ्हाणं त्यानं भराभर उरकलं. म्हातारा उठला आणि म्हणाला, काय बोललास ते कळलं नाय, पण बरा बोललास. मग आम्ही कोंबडा तिथंच रांधला, आमच्या पद्धतीप्रमाणे तिथंच संपवला, घरी न्यायचा नसतो म्हणून. तिघंही पोटभर जेवलो. काका त्या दिवशी खूप बोलला, गिरणीचं, साच्याचं, पहिल्यांदा मुंबईत आल्यावर रडलो होतो त्याचं. डोंगर उतरताना मी एवढंच विचारलं की बाबांना काय सांगू.

"जा घडला ता सांग," तो म्हणाला.

घरी परतल्यावर मी बाबांना तसंच सांगितलं. खारदांडा, पवई, वाघाचा ठसा, सगळं क्रमानं, आणि शेवटी राखण.  सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"व्हय कोणी म्हटल्यान?"

"मी," मी म्हणालो.

बाबा उठले आणि कोयता घेऊन मळ्याकडे गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यानंतर त्यांनी हा विषयच काढला नाही. कधी कधी संध्याकाळी काकाच्या खोलीच्या दाराला टेकून बसलेले दिसायचे. आई मला खुणेनं सांगायची, आता काही बोलू नको.

शिमग्याच्या आधी आमची राखण असते. सड्यावरच्या वडाखाली वाडीतली माणसं जमली. बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. भात झालं, गुरं झाली, पाऊसपाणी झालं. शेवटी ती ओळ आली.

"माझो भाव मुंबैत आसा."

सगळ्यांनी सवयीनं तोंडं उघडली, आणि बाबा थांबले. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ते आलं नाही. 

"तेना थयच्या राखणदाराचो आसरो घेतल्यान. तेका तुझ्या हद्दीतसून मोकळो कर, म्हाराजा."

वाडीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. असं गाऱ्हाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्याला व्हय म्हणावं की नाही हे कुणाला कळेना. बाबा वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाणं घालताना कधी कुणी मागे वळत नाही. त्यांचे डोळे भरलेले होते.

मी व्हय म्हाराजा म्हणालो. मग माझ्या मागून इतरही म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी काकाच्या खोलीचं कुलूप काढलं, आणि पडवीतले नारळ आत रचायला मला हाक मारली.